उजव्या खांद्यावरची पाकळी

देवाच्या उजव्या खांद्यावरच्या पाकळीला मी मध लावला होता. हे एवढं एक वाक्य लिहायला मला फार दिवस लागले. अनुभव लिहायचा तर कृपेचा लिहावा, आपल्या लबाडीनं कशाला सुरुवात करावी, असं वाटत होतं. पण ती लबाडी वगळली तर कृपा कशावर झाली हेच वाचणाऱ्याला कळणार नाही. म्हणून तिथूनच सांगतो.

झाशीत खंडेराव गेटच्या आत आमचं घर आहे. पूर्वज कधीतरी दक्षिणेतून कारकुनीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. उंबऱ्याबाहेर सगळा व्यवहार हिंदीत आणि बुंदेलीत चालतो; मराठी उरली आहे ती स्वयंपाकघरात, देवघरात आणि भांडणात. तिच्याबरोबर एक रीतही टिकली आहे. मोठा निर्णय असला की आम्ही कुलदैवताला, खंडोबाला, कौल लावतो. आमच्या देव्हाऱ्यात घोड्यावर बसलेली वीतभर उंचीची पितळी मूर्ती आहे. अभिषेक झाला की शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून एक मूर्तीच्या उजव्या खांद्यावर आणि एक डाव्या खांद्यावर चिकटवायची, आणि देवाला प्रश्न विचारायचा. पाणी वाळत आलं की पाकळ्या सुटतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ज्याच्यासाठी विचारायचं त्यानं स्वतः पाकळी लावायची नाही, घरातल्या दुसऱ्या कुणी लावायची. माझी नोकरी, माझं लग्न, घराची वरची खोली, सगळं असंच ठरलं. आणि माझ्या बाबतीत पाकळ्या नेहमी ताईनंच लावल्या.

ताई माझी मोठी बहीण. आई लवकर गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. ताईनंच मला वाढवलं. तिनं लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत शिकवत राहिली, निवृत्त झाली, आणि आमच्याच घरात राहते. माझी बायको तिला सासूसारखी मानते आणि भांडताना मैत्रिणीसारखी भांडते. मागच्या हिवाळ्यात ताईचं पोट फुगायला लागलं, जेवण जाईना. तपासण्या झाल्या. अंडाशयाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन इथंच झालं, नीट झालं. पुढे केमो द्यायची होती, आणि ती सुरू होण्याआधी इथल्या डॉक्टरांनी मला एकट्याला बोलावून एक गोष्ट सांगितली.

दिल्लीच्या एका रुग्णालयात अशाच रुग्णांसाठी एका नव्या औषधाचा अभ्यास चालू होता. त्याला ते ट्रायल म्हणत होते. ताईचे रिपोर्ट त्यात बसण्यासारखे होते. त्यांनी मला हिंदीतली माहितीची पानं दिली आणि म्हणाले, "बहनजी को पढ़ाइए। कोई दबाव नहीं है। बस इतना है कि पहली कीमो लगने से पहले बता दीजिए। एक बार शुरू हो गई तो फिर इसमें नहीं आ पाएँगी।"

मी ती पानं ताईला दाखवली नाहीत. ऑफिसच्या पिशवीतच राहू दिली. ऑफिसात एका सहकाऱ्यापाशी विषय काढला तर तो चहा ढवळत म्हणाला, "भाईसाहब, दिल्ली वालों को चूहे कम पड़ गए क्या?" बाकीचे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य मनात जाऊन बसलं.

ताईसाठी भीती वाटत होती, हे खरं. पण आज प्रामाणिकपणे लिहायचं तर माझी मोठी भीती माझ्यासाठीच होती. नव्या औषधानं तिचं काही बरंवाईट झालं तर आमच्या गल्लीतले लोक म्हणतील, ज्या बहिणीनं वाढवलं तिला भावानं प्रयोगाला दिलं. आणि नाही म्हटलं आणि आजार वाढला, तर मीच मला म्हणेन की संधी आली होती आणि तू ती नाकारलीस. दोन्हीकडून दोष माझ्यावर येत होता. मला असा कुणीतरी हवा होता जो नकार देईल आणि ज्याला कुणी जाब विचारणार नाही.

ताईला मी एवढंच सांगितलं की दिल्लीत एक प्रयोग आहे, नवीन औषध आहे, गुण येईल याची खात्री कुणी देत नाही. ती अंथरुणावर बसून माझ्याकडे बघत होती. "तुला काय वाटतं?" तिनं विचारलं. मी खांदे उडवले. मग ती म्हणाली, "माझं डोकं चालत नाही रे भैया. खंडेरायालाच विचारू. तू लाव पाकळ्या."

सकाळी अभिषेक झाला. ती मागच्या खोलीत पाटावर बसली होती, मला पाठमोरी. पंचामृतासाठी काढलेल्या मधाची वाटी माझ्या हाताशीच होती. मी ठरवून केलं असं म्हणवत नाही, आणि नकळत झालं असं म्हणणं तर शुद्ध खोटं होईल. उजव्या पाकळीच्या पाठीला मी मधाचं बोट लावलं. डावी नुसत्या पाण्यावर ठेवली. ती थोड्या वेळानं पडली. उजवी तशीच खांद्यावर होती. मी ताईला हाक मारली. तिनं येऊन बघितलं, हात जोडले आणि म्हणाली, "नको म्हणतोय ना, मग नको." तिच्या चेहऱ्यावर केवढी शांती आली. ती बघून मला बरं वाटलं, हे सांगायलाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी नकार कळवायला रुग्णालयात गेलो. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई येऊन बसल्या. पन्नाशीच्या पुढच्या, डोक्यावर पदर, मांडीवर भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी. झाशीजवळच्या मोठ गावच्या मंडीत नवरा धान्याचा व्यापार करतो, असं त्यांनी मी न विचारताच सांगितलं. तपासणीसाठी रक्त द्यायला आल्या होत्या.

"काय भैया, कौन बीमार है? खुद हो कि घरवाली?" त्यांनी विचारलं.

"मोठी बहीण," मी हिंदीत सांगितलं.

"जिज्जी है! फिर तो डाँट भी खाते हुइयो।" त्यांनी पुडी पुढे केली. माझ्या हातातली पानं त्यांना दिसली असावीत. "जे तो दिल्ली वाले कागज हैं। हमाए भी ऐसेई हते। हम उसई में हैं। साल पूरो हो गओ।"

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. बाई अंगानं भरलेल्या होत्या, पदराखाली केस नव्यानं कुरळे उगवत होते. मी न राहवून विचारलं, की तुम्हाला भीती नाही वाटली? माणसांवर प्रयोग करतात म्हणतात.

त्या हसल्या. "लगी काय नईं! हमाए मंडी वाले आदमी ने कई, तुम खों दवा की जगह आटा खवाएँगे, पइसा बचाएँगे।" मग त्यांनी शेंगदाणे सोलत सोलत मला सगळं समजावलं. माझ्या पानांमध्ये तेच लिहिलं होतं, मी वाचलं नव्हतं इतकंच. नेहमीची केमो सगळ्यांनाच मिळते, कुणालाही औषधाविना ठेवत नाहीत. त्याच्या जोडीला एक गोळी असते. अर्ध्यांच्या गोळीत नवीन औषध असतं, अर्ध्यांच्या गोळीत काहीच नसतं, आणि दोन्ही गोळ्या दिसायला सारख्या. आधी थोड्या माणसांना देऊन किती मात्रा झेपते ते पाहिलेलं असतं. आता एवढंच बघायचं असतं की नेहमीच्या इलाजापेक्षा खरंच जास्त गुण येतो का. येईलच असं कुणी म्हणत नाही. तपासण्या जास्त होतात, दिल्लीच्या खेपा जास्त होतात. त्रास झाला तर फोन करायला एक नंबर असतो. त्रास फारच झाला तर कुणाला कोणती गोळी मिळते आहे ते उघडून बघता येतं. आणि कधीही मन उठलं तर सोडून यावं, नेहमीचा इलाज बंद करत नाहीत.

"मग तुम्हाला कोणती गोळी मिळतेय?" मी विचारलं.

"का जानें।" त्यांनी टरफलं पदरात गोळा केली. "हमें नईं पता। डाक्टर खों भी नईं पता। कम्पूटर से निकरत है। जे में काऊ को हाथ नईं लगत, भैया। डाक्टर चाहे कि अपनी सगी खों अच्छी वाली दे दे, नईं दे सकत। जईसे हमाओ मन मान गओ।"

यात कुणाचाच हात लागत नाही, म्हणून त्यांचं मन तयार झालं होतं. एका कंप्युटरवर या बाईनं आपला जीव सोपवला होता, कारण तिथे कुणाचं बोट पोचत नाही. आणि ज्याच्यावर ताईनं आपला जीव सोपवला होता त्या देवाच्या खांद्याला माझं चिकट बोट लागलेलं होतं.

तेवढ्यात कंपाउंडरनं त्यांना आत बोलावलं. उठता उठता त्या म्हणाल्या, "जिज्जी से पूछियो। उनको मन है, उनई से पूछियो।" डॉक्टर आले तेव्हा मी नकार दिला नाही. दोन दिवस मागून घेतले. बाहेर आलो तर बाक रिकामा होता. त्या मोठच्या बसला गेल्या असतील. मी त्यांचं नावही विचारलं नव्हतं. त्या रक्त द्यायला आल्या होत्या, त्यांची तारीख होती, आणि बाकावर जागा माझ्याच शेजारी होती. यात चमत्कार कुठे होता असं कुणी विचारलं तर मला दाखवता येणार नाही. मला एवढंच माहीत आहे की मी देवाच्या तोंडून खोटं वदवलं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी मला खरं ऐकवणारं माणूस भेटलं, शेंगदाण्यांसकट.

घरी आलो तर ताई ओसरीत उन्हात बसून मटार सोलत होती. मी आडूनच सुरुवात केली. म्हटलं, डॉक्टर पुन्हा विचार करा म्हणतायत.

"देवाला विचारून झालंय ना," ती म्हणाली. "आता डॉक्टर देवापेक्षा मोठे झाले का?"

"पुन्हा एकदा कौल लावून बघू."

"ही काय सप्लिमेंटरी परीक्षा आहे? पहिल्यांदा नापास झालो म्हणून पुन्हा बसायला?"

दुसरी वाट नव्हती. मी सांगितलं नसतं तर ताईनं माझ्याच खोट्यावर श्रद्धा ठेवून नकार दिला असता, आणि पहिली केमो लागली की तो दरवाजा कायमचा बंद झाला असता. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं, "ताई, उजव्या पाकळीला मी मध लावला होता."

तिचा हात शेंगेवर थांबला. तिनं ती शेंग न सोलताच खाली ठेवली. मग म्हणाली, "तरीच मुंग्या."

"काय?"

"देवाच्या खांद्यावर मुंग्या होत्या संध्याकाळी. मला वाटलं पंचामृत नीट धुतलं नाही, माझाच हलगर्जीपणा. पुन्हा घासला मी देव." ती थांबली. "येत्या रविवारचा उपासही बोलले मी त्याबद्दल."

ऑपरेशनचे टाके जेमतेम वाळलेल्या माझ्या बहिणीनं माझ्या पापासाठी वाकून देव घासला होता. मी घाईघाईनं बोलायला लागलो. ऑफिसातलं ते वाक्य सांगितलं, लोक काय म्हणतील ते सांगितलं, तुझ्या काळजीपोटी केलं, घाबरलो होतो, एक ना दोन. ताई ऐकत राहिली. मग म्हणाली, "झालं सगळं सांगून? आता ती पानं आण इकडे. आणि चष्मा."

तिनं ती पानं संपूर्ण वाचली, काही ठिकाणी पेन्सिलीनं खुणा केल्या. मोठच्या बाई काय म्हणाल्या ते माझ्याकडून दोनदा ऐकलं. आणि म्हणाली, "दिल्लीला जाऊ. ऐकून तर घेऊ. हो की नाही ते मी सांगेन, तू नाही." उठता उठता आणखी एक गोष्ट म्हणाली, अगदी साध्या आवाजात: "आणि सध्या देवाला हात लावू नकोस. पूजा सूनबाई करेल." माझी बायको दारातच उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दिल्लीला एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिनं मला बाहेर बसवलं. "अंकल, फ़ैसला आंटी का है। पहले मैं उनसे अकेले में बात करूँगी।" तास होऊन गेला तरी ताई बाहेर येईना. आली ती हसत. "सगळं सांगून झाल्यावर म्हणते, आंटी, अब आप मुझे समझाइए कि आपने क्या समझा. एवढी वर्षं पोरींची तोंडी परीक्षा घेतली, आज माझी झाली."

"मग? पास?"

"मी तिला विचारलं, मी नाही म्हटलं तर रागावशील? तर म्हणाली, बिलकुल नहीं, आपका इलाज तब भी पूरा होगा. मग मी हो म्हटलं." थोडं चालल्यावर ती पुन्हा म्हणाली, "मला फायदा होईलच असं नाही, हेही तिनं सांगितलं बरं का. झाला तर पुढे कुणातरी बाईला होईल. आवडलं मला. खोटी आशा लावली नाही तिनं."

ते शेवटचं वाक्य माझ्यासाठी नव्हतं. तरी मला लागलं.

नंतर पुन्हा तपासण्या झाल्या. त्यात न बसणारे रुग्ण परत पाठवतात, तेव्हा आम्ही श्वास रोखून होतो. ताई त्यात बसली. कंप्युटरनं तिला कुठल्या गटात टाकलं ते आम्हाला माहीत नाही, त्या डॉक्टर मुलीलाही नाही. सुरुवातीला मी या न कळण्यानं कासावीस व्हायचो. गोळीची बाटली उजेडात धरून बघायचो, जणू काही दिसणार आहे. ताई मात्र गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायची आणि कामाला लागायची. मधले महिने सोपे नव्हते. केस गेले, तोंड आलं, एकदा रक्तातल्या पेशी इतक्या उतरल्या की त्या नंबरवर फोन करावा लागला. त्यांनी औषध थांबवलं, मग पुन्हा सुरू केलं. झाशी-दिल्ली गाडीत तिच्या डोक्याखाली माझी मांडी असायची. लहानपणी तापात माझं डोकं तिच्या मांडीवर असायचं, तसंच.

आजची स्थिती सांगायची तर स्कॅनमध्ये आजार दिसत नाही. पुढे काय होईल ते डॉक्टर सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. हे नेहमीच्या केमोनं झालं की नव्या गोळीनं, अभ्यास संपेपर्यंत कुणालाच कळणार नाही. मला आता त्याचं ओझं वाटत नाही. आयुष्यभर मी देवापुढे हात जोडून उभा राहिलो, पण एक बोट नेहमी मोकळं ठेवलं, उत्तर आपल्या बाजूला ढकलायला. ताईनं तसं कधी केलं नाही. विचारायचं, समजून घ्यायचं, आपल्या हातात आहे तेवढं करायचं आणि उरलेलं सोडून द्यायचं, हे तिनं देव्हाऱ्यातही केलं आणि दिल्लीतही. मी कृतज्ञ आहे. त्या मोठच्या बाईंचा, त्या डॉक्टर मुलीचा, आणि ज्याच्या खांद्याचा मी खोटेपणासाठी वापर केला तरी ज्यानं माझ्या बहिणीचा हात सोडला नाही, त्याचा.

या मार्गशीर्षात चंपाषष्ठी आली. आमच्याकडे त्या दिवशी वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे यांचा नैवेद्य असतो, आणि घरातले पुरुष ताम्हनात भंडारा, खोबरं आणि पानसुपारी ठेवून तळी उचलतात. शेजारचे दोघे यायचे होते. मी देवघराच्या दाराशी उभा होतो, आत पाऊल टाकलं नव्हतं. इतक्या महिन्यांत देवाला हात लावलाच नव्हता. ताई आत ताम्हनात भंडारा भरत होती. तिचे नवे केस पांढरेशुभ्र आले आहेत, तिला शोभतात.

"उभा काय राहिलास?" ती म्हणाली. "तळी काय मी उचलू?"

माझ्या लक्षात आलं की त्या दिवशी ओसरीत मी तिला सगळी कारणं सांगितली होती, एक गोष्ट सांगितली नव्हती. तिनंही ती कधी मागितली नव्हती. मी आत गेलो आणि तिच्यासमोर, देवासमोर, खाली बसलो. पुन्हा कारणंच तोंडाशी आली. ती मी गिळली.

"ताई," मी म्हटलं, "मी तुझ्याशी खोटं बोललो, आणि ते देवाच्या नावावर बोललो. तुझ्या जिवाचा निर्णय तुझा होता, तो मी चोरला. चूक माझी होती, दुसऱ्या कुणाचीच नाही. मला माफ कर."